सोसायटीत 'सिरॅमिक बॅटरी' विकायला आलेत. असं काही असतं का?

कोलशेतकर
नमस्कार मंडळी.
आमची सोसायटी ठाण्यात, कोलशेतला. दोन विंग, सात मजले, छप्पन्न फ्लॅट, दोन लिफ्ट. मी यंदाचा सचिव (म्हणजे नाव पुकारलं तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो). लिफ्टच्या बॅकअपला जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम वॉचमनचं, आणि वॉचमन दर तीन महिन्यांनी बदलतो. पुढचं ओळखा. मे महिन्यात लाईट गेली तेव्हा बी विंगमधल्या आजी तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये पंचवीस मिनिटं अडकल्या. बाहेर आल्यावर त्या मला काय बोलल्या ते इथे लिहित नाही.

रविवारी कमिटीसमोर एक विक्रेता येऊन गेला. म्हणे ही सिरॅमिक बॅटरी, सॉलिड स्टेट, जपानी तंत्रज्ञान, आग लागूच शकत नाही. दोन्ही लिफ्ट आणि पाण्याचा पंप, सगळं मिळून चार तास चालेल. मग खिशातून तळहाताएवढा पांढरा तुकडा काढला आणि जेट लायटरची निळी ज्योत त्यावर वीसेक सेकंद धरली. "बघा, हेच आत आहे." तुकड्याला ढिम्म काही झालं नाही. कमिटी खूश. अध्यक्ष तेवढे पुटपुटले, "आमची कपबशीपण जळत नाही."

मला सिरॅमिक म्हणजे कपबशी, टाईल्स आणि कमोड एवढंच माहीत. सिरॅमिकची बॅटरी खरंच असते का? नेहमीच्या लिथियमच्या दीडपट भाव सांगतोय. पुढच्या रविवारी ठराव आहे.

टवाळ_तुर्भे
कमोडची बॅटरी असेल तर फ्लश केल्यावर चार्ज होत असेल.

शंकेखोर
'जपानी तंत्रज्ञान' ऐकलं की मी पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात घेतो.

टवाळ_तुर्भे
कोलशेतकर, तो पांढरा तुकडा उलटा करून बघितलात का? मागे टाईल कंपनीचा शिक्का असेल.

मीठभाकर
दिवसभर याच विषयात असते म्हणून जरा लांब लिहिते. सिरॅमिक बॅटरी असते, आणि कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत फोर्ड मोटरच्या प्रयोगशाळेत बीटा-ॲल्युमिना नावाच्या सिरॅमिकवर काम झालं. त्यातून सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सरसर जातात, पण इलेक्ट्रॉन जात नाहीत. सोडियम-सल्फर बॅटरी त्यावरच उभी राहिली.

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की सिरॅमिक वीज अडवते. विजेच्या खांबावर ती त्यासाठीच असते. पण अडवते ती इलेक्ट्रॉनला. स्फटिकाच्या जाळीत काही जागा रिकाम्या ठेवता आल्या, तर आयन एकेक जागा पुढे सरकू शकतो. सकाळच्या लोकलमध्ये ठाण्याला उतरणारा उठला की चौथ्या सीटवरचा आत सरकतो आणि उभा असलेला चौथ्या सीटवर टेकतो. सगळा बाक हलतो, पण बाक जागचा हलत नाही. घन इलेक्ट्रोलाइटचं (आयन वाहून नेणाऱ्या मधल्या पदार्थाचं) तसंच.

नेहमीच्या लिथियम सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे दोन टोकांच्या, मध्ये द्रव असतो. तो सेंद्रिय असतो आणि पेट घेतो. तो काढून तिथे घन पदार्थ बसवायचा म्हणजे सॉलिड स्टेट. त्यासाठी गाजलेली एक सिरॅमिक २००७ साली पुढे आली, लिथियम-लँथॅनम-झिर्कोनियम ऑक्साइड. शोधनिबंध रामास्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वेर्नर वेप्नर यांचा, म्हणजे तिघांतले दोघे आपल्याकडचे. तिची रचना गार्नेटची. गोमेद याच गार्नेट घराण्यातला.

आता घोडं कुठे अडलंय? ही सिरॅमिक ठिसूळ. भाजायला हजारावर अंश लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत लिथियमच उडून जातं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमट हवा लागली की वर लिथियम कार्बोनेटचा थर धरतो. दगडासारख्या दोन पृष्ठभागांचा एकमेकांशी नीट स्पर्श होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जोरात चार्ज केलं की लिथियमचे बारीक कोंब कणांच्या सांध्यांतून घुसून पलीकडे निघतात. दगडातून पिंपळ निघतो तसे. टोयोटासारखी कंपनी गाडीतल्या सॉलिड स्टेट बॅटरीसाठी २०२७-२८ म्हणतेय. ती कोलशेतच्या लिफ्टला आधी लागेल असं मला वाटत नाही.

एक काम करा. पेटीवरच्या लेबलचा फोटो मागवा आणि व्होल्टेज किती लिहिलंय तेवढं इथे सांगा. बाकी मी सांगते.

टवाळ_तुर्भे
गोमेद घातला की राहू शांत होतो. लिफ्टमध्ये अडकणं राहूमुळेच असतं, म्हणजे विक्रेता अर्धा बरोबर.

भट्टीवाला
मीठभाकर ताईंनी लिथियम उडण्याचं लिहिलं, ते वाचून जुने दिवस आठवले. रबाळे एमआयडीसीत एकतीस वर्षं भट्टीवर काढली. ॲल्युमिनाच्या नळ्या, क्रुसिबल, भट्टीत माल ठेवायचे ठोकळे, हे आमचं काम. जो माल तापवल्यावर उडायची भीती, त्याच्याभोवती सॅगरमध्ये (माल भाजायच्या डब्यात) त्याच मालाची पूड पसरायची आणि वर झाकण ठेवून द्यायचं. मग उडायचं ते पुडीतून उडतं, माल शाबूत राहतो. पुस्तकात याला मोठं नाव असेल, आम्ही 'आईच्या कुशीत ठेवणे' म्हणायचो.

लोकांना वाटतं सिरॅमिक म्हणजे माती भाजली की झाली. ॲल्युमिना १६०० अंशांच्या आसपास भाजते आणि भाजताना आकसते. साच्यातून १०० मिलिमीटरची काढली, तर भट्टीतून ८३-८४ची निघते. एका बाजूने जरा जास्त आकसली की नळी केळ्यासारखी वाकडी. आणि तडा जातो तो तापवताना नाही, निवताना. माल निवायच्या आधीच घाईने दार उघडणारे दोन सुपरवायझर मी बघितलेत. दोन्ही वेळा 'टिंग' असा आवाज आला आणि पुढे कोणी बोललं नाही.

आता तीच ठिसूळ गोष्ट कागदाएवढी पातळ, हातभर लांब, एकही भोक नसलेली आणि लाखोंच्या संख्येने करायची. ताई म्हणतात ते खरंय, कागदावर सोपं आहे.

चिखलमाती
भट्टीवाले काका, नमस्कार! माझा खारघरला छोटा पॉटरी स्टुडिओ आहे. तो 'टिंग' माझ्या ओळखीचा आहे. माझी एक संपूर्ण दिवाळीची ऑर्डर त्या टिंगमध्ये गेली. दार मीच उघडलं होतं. सुपरवायझरला नावं ठेवायचीही सोय नाही.

पळीपंचपात्र
मला बॅटरीतलं कळत नाही, पण सिरॅमिक म्हणजे फक्त कपबशी हे पटलं नाही. कालच मुलाने गॅसचा लायटर खोलून ठेवला. आत बोटाच्या पेराहून लहान राखाडी दांडकं आणि स्प्रिंगवरची हातोडी. नवरा म्हणतो ते दांडकं म्हणजे लेड झिर्कोनेट टायटनेट, तेही सिरॅमिकच. हातोडी खटकन बसली की ते दाबाने काही हजार व्होल्ट काढतं. सेल नाही, वायर नाही, वर्षानुवर्षं चालतो. लायटर बंद पडतो तो तोंडाशी दूध-पीठ साचून, दांडकं काही मरत नाही.

आणि इंडक्शनची काळी काच! ती खरं तर काच आणि सिरॅमिकची मिसळ. अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीत डोनाल्ड स्टूकी म्हणून शास्त्रज्ञ होते. १९५३ साली त्यांना काचेचा नमुना ६०० अंशांवर तापवायचा होता. भट्टीचा कंट्रोलर अडकला आणि पारा ९०० वर गेला. काच वितळून भट्टी खराब झाली असणार म्हणून ते धावले, तर आत पांढरी पडलेली प्लेट. चिमट्यातून सुटून ती खाली पडली आणि फुटलीच नाही. त्यातूनच पुढे भांडी आली आणि हा प्रकार वाढला. माझ्याकडून पोळ्यांचा तवा पडला तेव्हा मात्र आमची शेगडी फुटली. आता ती काच १५०० रुपयांची की २५००ची यावर घरात वाद चालू आहे.

भट्टीवाला
@पळीपंचपात्र, ती काच उष्णतेला दाद देत नाही, पण टोकाचा घाव सोसत नाही. तवा कडेवर पडला असेल.

पळीपंचपात्र
कडेवरच पडला. तुम्ही घरात होतात का?

अकरा_केव्ही
मी वीज वितरणात आहे (कंपनीचं नाव सांगत नाही, मला इथे शांतपणे वाचायचं असतं). सिरॅमिकची गोष्ट खांबावर सुरू होते. ऐरोली पुलाच्या बाजूला खाडीत तिवरांच्या वर जे मनोरे आहेत, त्यांच्याकडे पहिल्या पावसाच्या संध्याकाळी बघा. आठ महिने खारं वारं लागून चिनी मातीच्या तबकड्यांवर मिठाचा थर बसलेला असतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. मुसळधार पाऊस आला तर धुऊन जातो, तेही चांगलं. नुसती भुरभुर आली की मीठ ओलं होतं, धुतलं जात नाही आणि वीज वरून रांगायला लागते. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज येतो, निळ्या ठिणग्या दिसतात आणि मग एकदम भडका. तुमच्याकडे लाईट जाते आणि तुम्ही म्हणता, "दोन थेंब पडले नाहीत तर गेली." बरोबरच आहे, दोनच थेंब पडले म्हणून गेली.

तबकडीला खालून ज्या घड्या असतात त्या शोभेच्या नाहीत. विजेला पृष्ठभागावरून जायचा रस्ता लांब व्हावा म्हणून आहेत. आता बऱ्याच ठिकाणी सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर लावतात. त्यांवर पाणी पसरत नाही, अळूच्या पानासारखे थेंब राहतात.

आणि गंमत बघा. मीठभाकर यांनी सांगितलेली सोडियम-सल्फर बॅटरी ज्या जपानी कंपनीने बाजारात आणली ती नागोयाची एनजीके इन्सुलेटर्स, मूळची खांबावरच्या चिनी मातीची. आयुष्यभर वीज अडवणारी सिरॅमिक केली आणि मग आयन सोडणारी.

शंकेखोर
अकरा_केव्ही, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच सोडियम-सल्फर बॅटऱ्यांना २०११च्या सप्टेंबरात जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सच्या त्सुकुबा कारखान्यात आग लागली होती. आतलं सोडियम आणि सल्फर ३०० अंशांच्या आसपास वितळलेलं ठेवावं लागतं. म्हणजे सिरॅमिक आत आहे म्हणून आग लागत नाही, हे वाक्यच खोटं आहे. सिरॅमिक जळत नसेल. तिच्या शेजारी कोण बसलंय ते विचारा.

मीठभाकर
@शंकेखोर, अगदी हेच. आत सिरॅमिक 'आहे का' यापेक्षा ती आत 'काय काम करते' हे विचारायचं. कोलशेतकर, विक्रेत्याला हाच प्रश्न टाका.

वाशीचे_आजोबा
वय झालं म्हणून विषयांतर माफ करा. माझी नोकरी खाडीपलीकडे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेच्या बाजूला. अणुइंधन म्हटलं की लोकांना हिरवं चमकणारं काहीतरी वाटतं. खरं तर ती करंगळीच्या पेराएवढी काळी सिरॅमिकची गोळी असते, युरेनियम डायऑक्साइडची. पूड दाबायची आणि हायड्रोजनच्या वातावरणात १७०० अंशांच्या आसपास भाजायची. म्हणजे भट्टीवाले आणि मी एकाच जातीचे कुंभार.

सुरुवातीच्या संशोधन अणुभट्ट्यांत, सायरस आणि ध्रुवमध्ये, इंधन धातूचं होतं. पण धातूचं युरेनियम ११३२ अंशांना वितळतं आणि किरणांच्या माऱ्याने फुगतं. ऑक्साइड २८०० अंशांच्या पुढे जातं आणि गरम पाण्याशीही फारसं भांडत नाही. म्हणून वीज करायच्या भट्ट्यांत, अगदी आपल्या तारापूरलाही, सिरॅमिक. दोष एकच, उष्णता बाहेर सोडायला कंजूष. बाहेरून काहीशे अंश असलेली गोळी मधोमध हजारावर असते.

तुम्ही सगळे ऊर्जेतली नवी सिरॅमिक म्हणता आहात, म्हणून एक जुनी सांगतो. आमच्या लहानपणी वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन बायका चालायच्या. त्यातलं जाळीचं मँटल, आमच्याकडे त्याला 'मेंटल'च म्हणत. नवं मँटल रेशमी पिशवीसारखं मऊ. एकदा पेटवलं की कापड जळून जातं आणि राहतो तो थोरियम ऑक्साइडचा सांगाडा, त्यात एखादा टक्का सिरियम. वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन माणसाची ही करामत, १८९१च्या सुमाराची. तो सांगाडा म्हणजे राखेची सिरॅमिक. फुंकर घातली तरी मोडायचा. माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात मी बोट लावून बघितलं होतं. पुढची पाऊण वरात अंधारात गेली आणि मी वडिलांचा मार खाल्ला. पुढे थोरियमवालेच सहकारी मिळाले, हा योगायोग.

टवाळ_तुर्भे
आजोबा, तुम्ही रोज लिहा. बॅटरी गेली खड्ड्यात.

खारघरचा_पांथस्थ
जरा मूळ मुद्द्यावर. सिरॅमिक असो की काही, लिथियम सोसायटीत नकोच. आमच्या शेजारच्या इमारतीत स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली पेटली. कोणाला इजा झाली नाही, पण जिन्याची भिंत अजून काळी आहे. आमच्या कमिटीने ठराव करून पार्किंगमधलं चार्जिंगच बंद केलं.

मीठभाकर
@पांथस्थ, भीती समजते, पण 'लिथियम' हे आडनाव आहे. घरात माणसं वेगवेगळी असतात. स्कूटरमध्ये पुष्कळदा निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली असते. ती तापली की कॅथोड (धन टोक) स्वतःच ऑक्सिजन सोडतो, म्हणजे आगीला घरातूनच तेल. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये, म्हणजे एलएफपीत, ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो आणि सहजी सुटत नाही. १९९७ साली पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी हा पदार्थ मांडला. गुडइनफ यांना २०१९ला नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

तरीही एलएफपीतला द्रव पेट घेतोच, हे मी लपवत नाही. फक्त वणवा पेटायला फार जास्त छळावं लागतं. २०२२च्या स्कूटरच्या आगींनंतर आपल्याकडे एआयएस-१५६चे (गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे) नियम कडक झाले, त्यानंतरचा माल आणि आधीचा माल यांतही फरक आहे. शेजारची स्कूटर कधीची होती?

खारघरचा_पांथस्थ
जुनी होती, आणि बॅटरी गल्लीतल्या कोणाकडून तरी बदलून घेतलेली. ठीक आहे, मुद्दा घेतला. पण जिन्याखाली ठेवायची नाही यावर मी ठाम.

शंकेखोर
यावर मी पांथस्थांच्या बाजूने. जिन्याखाली काहीच ठेवायचं नाही. आमच्याकडे तिथे गणपतीचं मखर, तीन सायकली आणि एक वॉशिंग मशीन आहे.

टवाळ_तुर्भे
अवांतर: ते २०२३ साली कोरियातून एलके-९९ आलं होतं ना, काळा खडा, खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर (जराही रोध न करता वीज नेणारा), लोहचुंबकावर तरंगतो वगैरे? मी तेव्हा बायकोला सांगून ठेवलं होतं की आता वीजबिल येणार नाही. तीही सिरॅमिकच होती का?

शंकेखोर
सिरॅमिकच म्हणायची. शिसं, तांबं, फॉस्फेट, ऑक्सिजन. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी पिसं काढली. शुद्ध स्फटिक केला तर तो चक्क वीज अडवणारा निघाला. मूळ नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि रोध एकदम पडल्याचं नाटक तिचं. खरे सिरॅमिक सुपरकंडक्टर १९८६ला बेडनॉर्त्झ आणि म्युलर यांनी शोधले, पुढच्याच वर्षी नोबेल. १९८७ला आलेलं यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड द्रव नायट्रोजनमध्ये काम करतं, म्हणजे उणे १९६ अंश. वीजबिल आलं का?

टवाळ_तुर्भे
आलं. बायको अजून त्या खड्याची चौकशी करते.

चिखलमाती
माझ्या भट्टीतल्या काळ्या फळ्या सिलिकॉन कार्बाइडच्या आहेत, सगळ्यात महाग वस्तू तीच. परवा भाच्याने सांगितलं की इलेक्ट्रिक गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्येही सिलिकॉन कार्बाइडच असतं. मला वाटलं तो चेष्टा करतोय.

भट्टीवाला
चेष्टा नाही. पदार्थ तोच. तुमची फळी म्हणजे कण एकत्र भाजलेला ठोकळा. गाडीत असतो तो जवळजवळ निर्दोष स्फटिकाचा पातळ काप. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता सोसतो, वीज कमी वाया घालवतो. जपानच्या नव्या शिंकान्सेन बुलेट ट्रेनमध्येही तो आहे. आणि वर बघा. ए३२० निओ विमानांपैकी ज्यांना लीप इंजिन असतं, त्यांच्या टर्बाइनच्या गरम भागात सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांनी विणलेली सिलिकॉन कार्बाइडची कडी बसवलेली असते. तडा गेला तरी धाग्यापाशी अडतो, कपासारखा आरपार जात नाही. निकेलच्या मिश्रधातूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन. आमच्या काळात हे कोणी सांगितलं असतं तर चहा पाजून परत पाठवला असता.

बॅटरीच हवी तर विटांची करा की! फिनलंडमध्ये पोर्नाइनेन गावात २०२५ला २००० टन ठेचलेला शंखजिऱ्याचा दगड विजेने तापवून ठेवला आणि गावाला गरम पाणी देतात. १०० मेगावॅट-तास उष्णता मावते. सिरॅमिक कारखान्याला उष्णताच तर हवी असते.

पळीपंचपात्र
ठाण्यात मे महिन्यात आमची गच्ची हीच विटांची बॅटरी. दिवसभर चार्ज होते आणि रात्री बारापर्यंत आमच्या बेडरूममध्ये डिस्चार्ज होते.

कोलशेतकर
मंडळी, दोन दिवस गायब होतो, पाण्याचा टँकर हा वेगळा धागा होईल. लेबल मिळवलं. फोटो चढत नाहीये म्हणून लिहितो. '५१.२ व्ही, १०० एएच'. खाली बारीक अक्षरात 'सिरॅमिक कोटेड सेपरेटर'. सॉलिड स्टेट हा शब्द लेबलवर कुठेही नाही, तो फक्त विक्रेत्याच्या तोंडात होता.

मीठभाकर
हाती लागला!
५१.२ला १६ने भागा, ३.२ येतात. एलएफपीच्या एका सेलचं व्होल्टेज ३.२. म्हणजे सोळा सेल एकामागे एक जोडलेली साधी, नेहमीची एलएफपी, आत द्रव असलेली. निकेलवाली असती तर एक सेल ३.६-३.७चा असता आणि चौदा सेलचे ५०.४ किंवा ५१.८ आले असते.

'सिरॅमिक कोटेड सेपरेटर' खोटं नाही, पण त्यात कौतुकासारखंही काही नाही. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. पॉलिएथिलीनचा असेल तर १३०-१३५ अंशांना वितळून आकसतो. तो आकसू नये म्हणून त्यावर ॲल्युमिनाचा दोन-चार मायक्रॉनचा लेप देतात. तुमचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, त्यावरून अंदाज घ्या. चांगली गोष्ट आहे, असावीच. पण तेवढ्यासाठी दीडपट भाव म्हणजे वरण-भातावर तुपाचा थेंब टाकून पुरणपोळीचे पैसे.

अकरा_केव्ही
आता चार तासांचा हिशोब. ५१.२ गुणिले १०० म्हणजे ५.१२ किलोवॅट-तास, पाच युनिट धरा. पंप किती एचपीचा?

कोलशेतकर
साडेसात. तो असल्या दोन पेट्या देणार होता.

अकरा_केव्ही
साडेसात एचपी म्हणजे ५.६ किलोवॅट. एका पेटीवर नुसता पंप चालवला तरी तास भरत नाही, इन्व्हर्टरमधली गळती धरली तर पाऊण तास. दोन पेट्यांवर दीड तास, आणि दोन्ही लिफ्ट त्यात अजून धरल्याच नाहीत. चार तास फक्त पंपाला द्यायचे तर २२ युनिट हवीत. पंपाला बॅटरी नकोच, वीज आल्यावर टाकी भरते.

आणि आजी अडकल्या त्याचं औषध वेगळंच आहे. तुमच्या लिफ्टला एआरडी आहे का विचारा. लाईट गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारा डबा. बहुतेक असेलच, आणि त्याच्या छोट्या बॅटऱ्या मेल्या असतील. त्यांत पाणी घालायचं नसतं, त्या फक्त वेळेवर बदलायच्या असतात. हे काही हजारांचं काम आहे. लाखाचं नाही.

शंकेखोर
म्हणजे प्रश्न सिरॅमिकचा नव्हताच.

कोलशेतकर
लिफ्टवाल्याला बोलावलं. एआरडी आहे, २०१९ला बसवलेला, बॅटऱ्या तेव्हाच्याच. आमच्या कोणाच्या गावीही नाही. उद्या बदलतोय. ठराव बदलून असा केला: एआरडीच्या बॅटऱ्या आत्ता, एका लिफ्टसाठी एक एलएफपी पेटी दिवाळीनंतर, तीन ठिकाणचे भाव घेऊन, आणि जिन्याखाली नाही (पांथस्थ, नोंद घ्यावी). आजींना स्वतः जाऊन सांगितलं. म्हणाल्या, "आधी अडकून दाखव, मग मी चढते."

एक राहिलं. विक्रेता तो पांढरा तुकडा टेबलावर विसरून गेला. तो माझ्याकडे आहे. एक बाजू चकचकीत, दुसरी खरखरीत. एका कडेला कापल्यासारखं दिसतंय. शिक्का नाही, टवाळ.

भट्टीवाला
खरखरीत बाजू वर करा आणि पाण्याचा एक थेंब टाका. बॅटरीच्या कामाची घट्ट भाजलेली सिरॅमिक असेल तर थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहील. कच्च्या अंगाची असेल तर पिऊन टाकेल.

चिखलमाती
किंवा जीभ लावा. आम्ही बिस्किट फायरिंग (पहिली भाजणी) झालेल्या मालाला तसंच ओळखतो. जीभ चिकटली की अंग सच्छिद्र.

कोलशेतकर
जीभ लावणार नाही, विक्रेत्याच्या खिशातला आहे. थेंब टाकला. मोजून चार सेकंदांत गायब, डागसुद्धा पसरला.

भट्टीवाला
वॉल टाईल. बाथरूमची.

टवाळ_तुर्भे
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! आता त्याला फोन करून विचारा, त्याच शेडमध्ये बॉर्डर मिळेल का.